सरळ टीप

मास्तरला तुरुंगात सगळे राजेसाहेब म्हणत, आणि ते त्याच्या मानेमुळे. बाजूने कोणी हाक मारली तर इतर माणसं नुसते डोळे वळवतात. मास्तर अख्खी मान वळवायचा, ताठ आणि सावकाश, हाक मारणाऱ्यावर मेहेरबानी केल्यासारखी. नव्या कैद्यांना वाटायचं, काय हा तोरा. जुन्यांनी त्याचा विनोद करून टाकला होता. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून मास्तर जिवाचं रान करत होता. त्याला बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, पण एखाद्या नळीतून बघावं तेवढंच, आणि ती नळी दिवसेंदिवस बारीक होत चालली होती.

रोग घरातलाच. मास्तरचा बापही शिंपी होता आणि तोही काचबिंदूनेच आंधळा झाला. शेवटची काही वर्षं बापाने नुसत्या बोटांच्या भरवशावर शिवलं, मग तेही सुटलं, मग तो खाटेवर बसून दिवसभर चादरीच्या कडा चाचपत राहायचा. त्याच्याकडे बघून मास्तरने वेळेवर डॉक्टर गाठला होता. रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत, म्हणजे नजर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेही सांगितलं होतं की एकदा गेलेली नजर परत येत नाही. थेंब चालू होते, सगळं ठीक होतं. मग एक दिवस सुट्टीवरून दुकानमालकाशी भांडण झालं, धक्काबुक्की झाली, मालक जिन्यावरून गडगडला तो उठलाच नाही. मास्तरला शिक्षा झाली आणि त्याने ती मान्य केली. ढकललं होतं, खोटं कशाला बोला. पण न्यायाधीशांनी त्याला कैद सुनावली होती. डोळे काढून घेऊ, असं ते कुठे म्हणाले नव्हते.

थेंबांची बाटली तुरुंगाच्या फाटकावरच झडतीत गेली. बाहेरचं औषध आत चालत नाही, आतलं औषध आत मिळेल. आतलं औषध म्हणजे कंपाउंडर. हा गृहस्थ पोटदुखीला, गुडघ्याला आणि घरच्या आठवणीला एकच पांढरी गोळी द्यायचा, आणि डोळ्यांसाठी त्याच्याकडे एकच बाटली होती, डोळे आल्यावर घालायची. काचबिंदू म्हटल्यावर तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वय काय कमी झालं का. अधूनमधून येणाऱ्या डॉक्टरांनी मात्र लिहून दिलं की मोठ्या इस्पितळात दाखवा. तिथे घोडं अडलं. कैद्याला बाहेर न्यायला पोलिसांचा पहारा लागतो, आणि पहारा कधी मोर्च्यावर गेलेला असायचा तर कधी कोणा बड्या पाहुण्याच्या बंदोबस्ताला. तारखेच्या दिवशी मास्तर दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाटकाजवळच्या बाकावर बसायचा. दुपारी शिपाई येऊन सांगायचा, आज गाडी नाही. इस्पितळाची पुढची तारीख काही महिन्यांनी. असं भिजत घोंगडं पडलं आणि तेवढ्यात मास्तरच्या एका डोळ्यातली नळी बंदच झाली.

तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणसाने आरडाओरडा करावा, दिसेल त्याला धरून सांगावं की अरे बाबांनो, मी आंधळा होतोय. मास्तरही तेच करणार होता. पण बराकीत बोका होता.

बोका हा चांगला दरवाजाभर रुंद कैदी, पण चालताना पावलाचा आवाज नाही, आणि दुसऱ्याच्या ताटात पंजा घालायची सवय, म्हणून बोका. धडधाकट माणसाच्या वाटेला तो जात नसे. दुबळं कोण आहे ते मात्र त्याला नेमकं हेरता यायचं. मास्तर नवा होता तेव्हा बराकीत एक थकलेला म्हातारा होता, सगळे त्याला आजोबा म्हणत. एकदा आजोबांच्या हातातला पेला थरथरून सांडला. बोक्याने ते पाहिलं, आणि तिथून पुढे आजोबांच्या वाटणीचा पाव त्यांच्या तोंडापर्यंत कधी पोचला नाही. मग पांघरूण गेलं. मग एक दिवस ते न्हाणीघरात पडलेले सापडले. पाय घसरला म्हणे. त्यांना उचलून नेलं ते परत आले नाहीत, आणि त्यांची सतरंजी त्याच संध्याकाळी बोक्याच्या सतरंजीखाली गेली. हे सगळं मास्तरने तेव्हाच्या चांगल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची पाचावर धारण बसली ती तेव्हापासून.

तर मास्तर लपवत होता, आणि लपवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंत कायम डाव्या हाताला ठेवून चालायचं. चारजण हसले की आपणही हसायचं, कशाला ते नंतर कळतं. ताट समोर आलं की पहिल्यांदा बोटं फिरवून घ्यायची, देवाला हात जोडल्यासारखं करून. तुरुंगाच्या शिवणखात्यात तो कपडे शिवायचा, तिथे तर काळजीच नव्हती. कापडाची कड बोटाला लागून सरकत राहिली की टीप सरळ पडते, त्याला बघावं लागत नाही. सुई ओवणं ही तर बापाची विद्या. दोरा सुईत घालायला जायचंच नाही. दोऱ्याचं टोक ओलं करून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जेमतेम बुडेल इतकं धरायचं, आणि सुईचं नेढं, म्हणजे ते वरचं भोक, चिमटीवर आणून टेकवायचं. चिमूट सैल केली की दोरा आपण होऊन नेढ्यात शिरतो. मास्तर हे लहानपणी शिकला होता आणि पुढे कधी दुसऱ्या रीतीने त्याने सुई ओवलीच नव्हती. खात्यात बोकाही असायचा, कोपऱ्यात इस्त्री करायला. पण तिथे शिपाई उभा असे, त्यामुळे बोक्याचा पंजा आखडलेला असे.

दावा लावला तो मास्तरच्या बायकोने. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, कोर्टाची पायरी तिने नवऱ्याच्या खटल्याआधी कधी पाहिली नव्हती. पण भेटीला आली की तिला दिसायचं, नवरा आपल्याकडे बघताना आधी कपाळ शोधतो, मग तोंड, आणि आपण बोलत नसलो तर भलतीकडेच बघत राहतो. तिने सरकारी मदतीची एक तरुण वकीलबाई गाठली आणि तिच्या मागे लागून लागून अर्ज घातला, की माझ्या नवऱ्याला औषध न दिल्याने तो आंधळा होतोय, त्याला ताबडतोब इस्पितळात न्यावं. तुरुंगाने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पहारा मिळत नाही, हे तर सांगितलंच. वर आणखी एक सांगितलं, आणि त्याने सगळा डाव उलटायची वेळ आली.

ते बायकोनेच भेटीत सांगितलं. मध्ये जाळी होती, जाळीपलीकडे ती आणि वकीलबाई.

“तुम्ही शिवलेला सदरा आणला होता कोर्टात,” ती म्हणाली. “त्यांच्या वकिलाने असा वर धरून दाखवला. म्हणाला, ही टीप बघा, आंधळा माणूस असं शिवेल का? आणि खरं सांगू, मला आधी कौतुकच वाटलं. म्हटलं, किती सरळ आहे.”

ती हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. मास्तरला तिच्या चेहऱ्यातलं फक्त हलणारं तोंड दिसत होतं. ती रडतेय हे त्याला आवाजावरून कळलं. पुढच्या भेटीला हे तोंडही दिसेल की नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

वकीलबाईने पुढचं समजावलं. कोर्टाने दोन्हीकडचं ऐकून एक निवृत्त न्यायाधीश बाई नेमल्या होत्या. त्या तुरुंगात येऊन मास्तरला स्वतः बघणार. त्यांची खात्री पटली तर कोर्ट सक्त हुकूम काढणार. पटली नाही तर दावा निकालात. “काका, नाटक करू नका,” वकीलबाई म्हणाली. “रोज जे लपवता, ते फक्त त्या दिवशी लपवू नका.” मास्तरने विचारलं, बंद खोलीत होईल का हे? ती म्हणाली, तसा अर्ज देते. बायको जाळीजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, तुम्ही कोणाला भिताय का हो? मास्तर म्हणाला, छे, मी कोणाला भिणार. बोक्याबद्दल त्याने घरी चकार शब्द काढला नव्हता. बाहेर राहून ती करणार काय होती, नुसती झुरली असती.

त्यानंतरचे दिवस मास्तरने जीव मुठीत धरून काढले. सकाळी जाग आली की डोळे उघडायचीच भीती वाटायची. मग तो हळूच उघडायचा आणि समोरच्या खिडकीचे गज बघायचा. काल कडेचा गज दिसत होता, आज मान वळवावी लागली. आणि दुसरीकडे बोका कुठे आहे त्याचा कानाने माग ठेवायचा. एकाच माणसाला दोन भीती होत्या आणि एकीवरचा इलाज म्हणजे दुसरीच्या तोंडी जाणं. मास्तरला जेवण जाईना.

न्यायाधीश बाई आल्या त्या दिवशी शिवणखात्याची फरशी फिनेलने धुतली होती आणि सगळ्यांना धुवट कपडे मिळाले होते. मास्तर वाट बघत होता की कचेरीत बोलावणं येईल. बोलावणं आलंच नाही. तुरुंगाधिकारी साहेबच बाईंना आणि त्यांच्या कारकुनाला घेऊन खात्यात आले. कचेरीतला पंखा बिघडलाय, मॅडम, आणि म्हटलं काम चालू असतानाच बघा, म्हणजे आम्ही काही शिकवलंय असं नको. साहेब गोड बोलत होते. मशीनं थांबली. मास्तर उभा राहिला आणि बाईंच्या आवाजाकडे त्याने मान वळवली, ताठ आणि सावकाश. मागे कोणीतरी खुसकन हसलं.

बाईंनी विचारलं, काय होतंय. मास्तर बोलायला लागला, पण सगळ्या खात्याचे कान आपल्याकडे आहेत आणि त्यात बोक्याचेही, हे जाणवून त्याचा आवाज बसला. बाजूचं जरा कमी दिसतं, असं काहीतरी तो पुटपुटला. जरा कमी! एवढा दावा लावला, बायकोने उंबरठे झिजवले, आणि हा म्हणतो जरा कमी. साहेबांनी संधी सोडली नाही. शेजारच्या काज-बटणवाल्याकडची सुई आणि दोरा घेऊन त्यांनी मास्तरच्या हातात दिला आणि म्हणाले, “ओव बघू.”

इथे मास्तरने थांबायला हवं होतं. सुई हातात फिरवायची, दोरा चुकवायचा, नाही जमत म्हणायचं. कोणीही तेच केलं असतं. पण जन्मभर सुई हातात आली की जे झालं तेच झालं. दोरा जिभेला लागला, चिमटीत गेला, नेढं चिमटीवर टेकलं आणि दोरा पलीकडे. मास्तरला कळलं तेव्हा ओवलेली सुई त्याने साहेबांपुढे धरलेली होती. खात्यात हशा पिकला. एकाने तर टाळी वाजवली. साहेबांना बोलायची गरजच उरली नव्हती. बाई कारकुनाला हलक्या आवाजात काहीतरी सांगू लागल्या आणि त्यांच्या चपलांचा आवाज दाराकडे वळला.

मास्तरला खाटेवर बसलेला बाप दिसला, चादरीची कड धरून. आणि त्याला कळून चुकलं की आत्ता गप्प बसलो तर बोक्याला काही कळणार नाही, आज नाही, उद्या नाही, पण लवकरच नळी बंद होईल आणि मग सगळ्यांनाच कळेल, आणि तेव्हा कोणतीही बाई येणार नाही.

“मॅडम,” तो ओरडलाच. “थांबा. परत ओवतो.”

चपलांचा आवाज थांबला. मास्तरने दोरा ओढून काढला, डोळे गच्च मिटले, चेहरा छताकडे केला, आणि सुई ओवली. पुन्हा काढली, पुन्हा ओवली. या वेळी कोणी हसलं नाही.

बाई परत आल्या, त्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. “डोळे उघडा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे बघा. मान हलवायची नाही. काय दिसतंय?”

“तुमच्या चष्म्याची एक काच.”

“दुसरी?”

“ती शोधावी लागेल.”

“तुमच्या उजव्या हाताला कोण उभं आहे?”

मास्तरने कान लावला. काहीच ऐकू येईना. “कोणी नाही,” तो म्हणाला.

मग त्याच्या उजव्या कानाशी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, कोणीतरी श्वास सोडला. तापलेल्या इस्त्रीचा वास आला. मान हलवायची नाही असं सांगितलं होतं म्हणून मास्तर तसाच समोर बघत उभा राहिला.

दावा तिथेच जिंकल्यात जमा झाला. बाईंनी कारकुनाला उभ्या उभ्या लिहून घ्यायला लावलं की कैद्याची नजर जवळजवळ गेलेली आहे, उरलेली वाचवायची तर एक दिवसही घालवता कामा नये, उद्या सकाळी इस्पितळ. साहेब म्हणाले, हो मॅडम, पहारा मिळाला की लगेच. बाई फटकन म्हणाल्या, पहारा मिळवायचा. उद्या सकाळी. मास्तरला हे ऐकून रडावंसं वाटलं, हसावंसंही वाटलं, पण त्या दोन्हींच्या वर उजवीकडचा तो वास होता. त्याने सगळा धीर गोळा करून विचारलं, आजच्या दिवस मला दवाखान्याच्या खोलीत झोपू द्याल का? का, म्हणून बाईंनी विचारलं. बोका ऐकत होता. “डोळे दुखतात,” मास्तर म्हणाला. साहेब म्हणाले, बघतो, करतो व्यवस्था. बाईंना ते पुरेसं वाटलं. त्या भल्या होत्या, पण त्यांना बराकीत राहायचं नव्हतं.

व्यवस्था अशी झाली की दवाखान्याच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन कंपाउंडर घरी गेला होता. शिपाई म्हणाला, सकाळी जायचंच आहे ना मास्तर, एवढ्यात काय होतंय.

तुरुंगात संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच उरकतात. मास्तर भिंतीला पाठ लावून आपल्या जागी बसला. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की आज त्याला कोणी राजेसाहेब म्हटलेलं नाही. शेजारी बसणारा, रोज बडबड करणारा, आज दोन हात सरकून बसला होता. ताट समोर आल्याचा आवाज झाला. मास्तरने नेहमीसारखी बोटं फिरवली. पातळ आमटी होती, भात होता. पावाची जागा रिकामी होती.

उद्या सकाळी गाडी येईल, त्याने स्वतःला बजावलं. कोर्टाने नेमलेल्या बाईंनी सांगितलंय, समोर लिहून घेतलंय. पण गाडी येणार नाही म्हणून किती सकाळी त्याने त्या बाकावर काढल्या होत्या, हेही त्याला विसरता येईना. आणि उद्या गाडी आली नाही तर परवाही याच जागी, याच ताटासमोर बसायचं होतं. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मालक जिन्यावरून पडला तेव्हाही नाही.

“पाव कोणी घेतला?” त्याने विचारलं.

“कोणी कशाला घेईल?” बोक्याचा आवाज समोरूनच आला, अगदी जवळून, लाडीगोडीने विचारल्यासारखा. तो कधी येऊन बसला ते मास्तरला कळलंच नव्हतं. “समोर तर आहे, मास्तर. दिसत नाही का?”

मास्तरने आवाजाच्या दिशेने मान उचलली. नळीत सदऱ्याचं एक बटण आलं, त्याने स्वतःच शिवलेल्या सदऱ्याचं. त्याच्या वर आणि खाली काहीच नव्हतं. चेहरा कुठे असेल ते शोधायला त्याने मान हलवली नाही. आता हलवून काय लपणार होतं?

“नाही,” तो म्हणाला, सगळ्या बराकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “दिसत नाही मला. कोणाला दिसत असेल तर सांगा.”

बराक भरलेली होती. जेवणारी माणसं जेवत राहिली, आणि थोड्या वेळाने शिपायाने बाहेरून कुलूप लावलं.